स्वखुशीचा कागद

कागद माझ्या बॅगेत होता आणि खालिदचे वडील माझ्या कपात पुन्हा कॉफी ओतायला सांगत होते. कतारमधल्या उम्म सलाल मोहम्मद या गावी त्यांच्या घरची मजलिस, म्हणजे पाहुण्यांची बैठक, भरलेली होती. खालिद रविवारी वर्षभराच्या लष्करी सेवेला जाणार होता. ऑफिसतर्फे निरोप द्यायला मी आलो होतो. निदान फोनवर तरी तसंच सांगितलं होतं.

मी हमद पोर्टजवळच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत एचआर बघतो. खालिद आमचा यार्ड सुपरवायझर, कतारी. इथल्या तरुणांना ही सेवा सक्तीची आहे, आणि तेवढा काळ त्यांची नोकरी राखून ठेवणं कंपनीला बंधनकारक. बॉसला मात्र ती जागा स्वतःच्या माणसाला द्यायची होती.

"त्याला काढायचं नाहीये रे," ते म्हणाले. "व्हॉलंटरी ट्रान्स्फर घे. हसतखेळत सही होऊन जाईल."

व्हॉलंटरी ट्रान्स्फर म्हणजे 'मी स्वखुशीने ही जागा सोडून दुसरीकडे जातो' असं कर्मचाऱ्याने लिहून देणं. दुसरीकडे म्हणजे आमच्याकडे रेकॉर्ड रूम. एचआरमध्ये स्वखुशी बऱ्याचदा आधी टाइप होते, सही नंतर येते.

विषय कसा काढावा सुचेना, म्हणून मी बोलत सुटलो. वडिलांना इंग्रजी येत नाही. खालिद मध्ये बसून अरबीत सांगत होता. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे या सेवेला काय म्हणतात? इथे घरात नुसतं 'खिदमा' म्हणतात, सेवा. मी साताऱ्याकडचा. आमच्या गावात घरटी एक फौजी, आणि त्याचा ताठा माझ्यात आहेच.

"आमच्याकडे कंपल्सरी असलं काही नाही," मी म्हणालो. "आमच्या गावात कुणावर सक्ती करावी लागत नाही. पोरं आपणहून भरती होतात."

बोलून झाल्यावर कळलं, आपण काय बोललो. ज्यांचा मुलगा सक्तीच्या सेवेला चाललाय त्यांच्या घरात, त्यांचीच कॉफी पीत. खालिद वडिलांकडे वळून काहीतरी म्हणाला. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि खजुराचं ताट माझ्याकडे सरकवलं.

"काय सांगितलंस?" मी हळूच विचारलं.

"तुमच्या गावातही प्रत्येक घर एक मुलगा देतं, असं."

वडील पुन्हा काही बोलले. खालिद जरा घुटमळला. "बाबा विचारतायत, तुम्ही आर्मीत किती वर्षं होतात?"

मी भरतीच्या मैदानात पायसुद्धा ठेवला नव्हता. थोरला भाऊ गेला. सीमेवरच्या थंडीत उमेदीची वर्षं घालवून हवालदार म्हणून रिटायर झाला. त्याच्या पगारावर मी एमबीए केलं. यातलं काही मी सांगितलं नाही. "मी नाही, माझा भाऊ," एवढंच म्हणालो. खालिदने त्याचं अरबीत काय केलं, ते विचारायचं धाडस झालं नाही.

तो मला गाडीपर्यंत सोडायला आला. "बॉसचा फोन आला होता," तो म्हणाला. "द्या कागद."

बॉनेटवर ठेवून त्याने तो पूर्ण वाचला. "हे व्हॉलंटरी आहे?"

"हो."

"आणि नाही म्हटलं तर?"

याचं उत्तर बॉसने मला पढवलं होतं. पुढचं प्रमोशन, वरच्यांशी चांगले संबंध वगैरे. ते तोंडातून निघेना. "काही होणार नाही," मी म्हणालो. "कायदा तुझ्या बाजूने आहे."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत, मिस्टर संतोष?"

त्याने कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "मग नाही. खलास."

दुसऱ्या दिवशी बॉसनी मला चांगलंच झाडलं. त्या जागेवर वर्षभर तात्पुरता माणूस बसवावा लागला. खालिद परत आला आणि आपल्या खुर्चीवर बसला. हल्ली कुणाकडून 'व्हॉलंटरी' असं लिहून घ्यायचं असेल, तर नाही म्हणता येतं हे मी आधी सांगतो. सह्या कमी होतात.

खजुराच्या मोसमात खालिदचे वडील माझ्यासाठी एक डबा पाठवतात, 'फौजीच्या घराला' म्हणून. खालिद तो माझ्या टेबलावर ठेवतो. मी तो उघडत नाही. सुट्टीत गावी नेतो आणि भावाच्या हातात देतो. कुणी दिला, असं तो दर वेळी विचारतो. मी सांगतो, ऑफिसातून मिळाला.