चिठ्ठ्या फाडणारे हात

गिरधरचं डोकं कधी फिरेल याचा नेम नव्हता. पण त्याच्या हातांना नाव ठेवायची सोय नव्हती. यावलच्या बागांत पंधरा वर्षं केळीचे घड कापून त्या हातांवर चिकाचे काळे डाग बसले होते, ते कशानेही निघत नसत. १९९७ साली तो जळगावच्या एका प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुवायच्या कामावर होता. धुवायच्या, भट्टीत तापवायच्या, हातमोजे घालूनच उचलायच्या. माणसाच्या घामात आरएनए कापणारं काहीतरी असतं, हे कळल्यापासून हा बाबा तिथलं साधं टोपणसुद्धा उघड्या हाताने उचलत नसे.

हे त्याला शिकवलं कस्तुराने. सातपुड्याच्या पायथ्याची ही पोरगी जंतूंना मारणाऱ्या विषाणूवर, म्हणजे फाजवर, संशोधन करायची.

"भाऊ, जंतूच्या आत कामाच्या चिठ्ठ्या फिरतात. हे बनव, ते बनव. तोच आरएनए. फाज घुसला की घरच्या चिठ्ठ्या टराटरा फाडतो आन् स्वतःच्या चालवतो. अर्ध्या तासात घर फोडून शे-दीडशे फाज बाहेर!"

"मायला, दरोडाच की!"

"पण जंतूही काही कमी नाही. त्याच्याकडे लपवलेला कोयता असतो. मरता मरता तो फाजच्या चिठ्ठ्याही कापतो. चांगला फाज कोयत्याचा तो हात आधीच धरून ठेवतो, असं मला वाटतं. तेच सिद्ध करायचंय."

त्यासाठी तिने दीड वर्ष मरमर करून एक लंगडा फाज मिळवला होता. तिच्या अंदाजाने त्याला हा हात धरता येत नव्हता. त्याची एक कुपी धुळ्याला पाठवताना एस.टी.तच फुटली. उरली एकच, बर्फाच्या डब्यात.

चिठ्ठ्या शाबूत असल्या की एक्स-रेसारख्या फिल्मवर त्यांची ठळक काळी पट्टी उठते. लंगड्या फाजच्या चिठ्ठ्यांची फिल्म आली ती नुसती धुरकट. सगळा चुरा. दुसऱ्यांदा केली, तरी तेच. विभागप्रमुख बन्सीलाल सर सगळ्या पोरांदेखत गिरधरवर तुटून पडले.

"हे काळे घाणेरडे हात बघा! तुझ्याच हातानं गेलं हे सगळं!"

"सर, मोजे घालूनच मी..."

फाडकन कानाखाली बसली. गिरधरच्या डोळ्यांपुढे लाल झालं. त्याने सरांची कॉलर धरली आणि त्यांना नळ्यांच्या रॅकवर आदळलं. काचा खळाखळा फुटल्या. सरांच्या कपाळातून रक्त वाहायला लागलं, तरी हा ठोसे मारतच होता. मगन शिपायाने मागून मिठी मारली, तर त्याच्या नाकावर कोपर बसलं. शेवटी गिरधरने टेबलच उलथवलं, डब्यांसकट, बर्फासकट. चौघांनी मिळून त्याला फरशीवर दाबलं तेव्हा कुठे तो थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बडतर्फीचं पत्र घ्यायला आला. कस्तुराने त्याला खिडकीपाशी बोलावलं आणि नुकतीच धुतलेली एक वेगळी फिल्म उजेडात धरली.

"हा धडधाकट फाज. लंगड्याबरोबर त्याच दिवशी, तुम्ही धुतलेल्या त्याच भट्टीच्या नळ्यांत केला होता. पट्टी बघा किती ठळक आलीय. तुमच्या हाताने चिठ्ठ्या फाटल्या असत्या, तर याच्याही फाटल्या असत्या. लंगड्याच्या चिठ्ठ्या जंतूनेच कापल्या, भाऊ. माझा अंदाज बरोबर होता."

गिरधरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मंग दाखव ना सरले!"

"दाखवलं. कपाळाला पट्टी बांधून बसलेत. म्हणाले, एका वेळचं मी मानत नाही, दोन्ही शेजारी-शेजारी पुन्हा करून दाखव."

"मंग कर ना पुन्हा!"

कस्तुरा फिल्म गुंडाळत राहिली. "कशाने करू? काल टेबलावरून पडली ती कुपी शेवटची होती."

गिरधरने आपले काळे हात उलटसुलट करून पाहिले.

"म्हंजे सर म्हने तेच खरं झालं, ताई," तो म्हणाला. "माह्याच हातानं गेलं."

कस्तुरा त्याला नाही म्हणाली नाही.