न घासलेली भिंत

पेपरवालीनं जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती घासल्या. पॉलिश पेपरनं तिनं भिंत गुळगुळीत करायची, मग तिच्या नवऱ्यानं, रंगाऱ्यानं, त्यावर रंगाचा हात मारायचा. वाहवा रंगाऱ्याची, धूळ हिची. नाकाला बांधायला ठेकेदारानं कधी चिंधी दिली नाही. मागितली की म्हणायचा, "महाराणी, वारा घालायला माणूस पाठवू का?" आता तिची छाती भात्यासारखी वाजत होती. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि ठेकेदार मजेत नवी कामं घेत होता.

तिचं मागणं एकच. ज्या खोलीत मरायचं, तिला डोळ्यांदेखत एकदा तरी रंग लागावा.

रंगाऱ्यानं नेहमीसारखे भिंतीवर नमुन्याचे दोन चौकोन रंगवले. एक फिका पिवळा, एक गडद निळा. पण हाताची खोड जाते कुठं? आधी तेवढी जागा त्यानं घासली. चिमूटभर धूळ उडाली आणि तिचा श्वास असा अडकला की ओठ काळे पडले. त्यानं पेपर खिडकीबाहेर भिरकावला.

चौकोन वाळले.

"पिवळा घे. खोली मोठी दिसेल. निळ्यानं विहिरीत बसल्यासारखं वाटेल."

"पिवळे मी ढिगानं घासून दिलेत. लोकांचे दिवाणखाने सगळे पिवळेच. निळा लावा."

"अगं, आजाऱ्याच्या खोलीत?"

"आजारी मी आहे की भिंत?"

तो खाली बघत म्हणाला, "घासल्याशिवाय रंग धरत नाही. तुला सांगायला हवं का?"

"मग मी गेल्यावर घासा. रंग मी काय, वरून बघू?"

न घासलेल्या भिंतीला आयुष्यात ब्रश न लावलेला तो माणूस त्या दिवशी जुन्या पोपड्यांवरच निळा फासत सुटला. शेजारचा मिस्त्री दारातून बघून हसला, तेव्हा यानं दार लावून घेतलं.

थोड्याच दिवसांत रंगाला फुगे आले, पापुद्रे सुटले. ती पडल्या पडल्या तेच बघत असायची.

"कुणी केलंय हे काम?" एका सकाळी तिनं विचारलं. आवाज पार खोल गेला होता.

"आहे एक गाढव."

"घासणारी नव्हती ठेवली?"

"आजारी आहे ती."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि तोंड भिंतीकडेच ठेवून पडून राहिली.

ती गेल्यावर ठेकेदार भेटायला आला. बसायच्या आधी भिंतीवर त्याची नजर गेली. "घासून घ्यायला हवी होती रे," तो म्हणाला.

रंगाऱ्यानं त्याला दंडाला धरून रस्त्यावर नेऊन सोडलं.