फळ्यावरचा महाराष्ट्र

अकोला स्टेशनवर मला सोडायला आई आणि बाबा दोघंही आले होते. गाडी हलली तेव्हा मी डब्याच्या दारात उभी होते. आई माझ्याकडे बघत पदरानं डोळे पुसत होती. बाबाही हात हलवत होते, पण माझ्याकडे नाही, पुढच्या डब्याकडे. मी हाक मारली. आईनं त्यांचा खांदा धरून त्यांना माझ्याकडे वळवलं, तोवर गाडीनं वेग घेतला होता. गर्दीत गोंधळले असतील, असं मला वाटलं. मुंबईहून मस्कतचं विमान होतं, पहिल्यांदाच देशाबाहेर जायचं होतं, सारं लक्ष पासपोर्ट ठेवलेल्या पर्सकडे होतं. इगतपुरी येईपर्यंत मी ती गोष्ट विसरूनही गेले.

बाबा बार्शीटाकळीच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. मीही त्यांच्याच वर्गात शिकले. घरी ते अस्सल वऱ्हाडी बोलत, वर्गाच्या उंबरठ्यावर पाय पडला की पुस्तकी मराठी सुरू. तासाला आले की आधी हजेरी नाही, आधी महाराष्ट्र. खडू पालघरला टेकवायचा, किनाऱ्यानं खाली सिंधुदुर्गापर्यंत यायचं, तिथून वळून कर्नाटकाच्या, तेलंगणाच्या कडेनं गडचिरोलीचा फुगवटा घ्यायचा आणि गोंदियावरून सातपुड्याच्या बाजूनं परत. खडू मध्ये उचलला जायचा नाही. शेवटची रेघ पहिल्या रेघेला मिळायची तिथे कधी फट राहिलेली मी पाहिली नाही.

“नकाशा बघायचा नसतो, वाचायचा असतो,” असं ते सांगत. आधी शीर्षक, मग दिशा, मग प्रमाण, मग सूची. समोच्च रेषा शिकवताना त्यांनी आम्हाला मैदानात नेऊन काळ्या मातीचा ओला डोंगर करायला लावला होता. सारख्या सारख्या उंचीवर त्याला सुतळ्या गुंडाळल्या आणि मग एकेकाला बाकावर चढवून वरून बघायला सांगितलं. चढ उभा होता तिथे सुतळ्या जवळजवळ आलेल्या दिसल्या, उतार सौम्य होता तिथे लांब लांब. पुढे अमरावतीला कॉलेजात मी कितीतरी स्थळदर्शक नकाशे वाचले, पण डोंगर मला कळला तो त्या मैदानातच.

आलेखाच्या तासाला ते प्रत्येकाच्या कागदावर वाकून बघत. अकोल्याच्या पावसाचे स्तंभ, त्यावरून जाणारी तापमानाची रेघ. कुणाचा जुलै बुटका झाला, कुणाचा मे उतरला, तर तिथे लाल पेनानं बारीकसा ठिपका ठेवत. बोलत काही नसत. चूक आपली आपण शोधायची.

मीही भूगोलाचीच शिक्षिका झाले, ती त्यांच्यामुळे. लग्न झालं, नवरा मस्कतला नोकरीला होता, तिथल्या भारतीय मुलांच्या एका शाळेत मलाही काम मिळालं. माझ्या वर्गात स्मार्टबोर्ड आहे. बोट लावलं की ओमान उघडतो, दोन बोटं फाकवली की आमच्या शाळेचं पार्किंग दिसतं. आकडे भरले की आलेख तयार. तरी मी मुलांना आलेख कागद वाटते. “मॅम, हे तर कॉम्प्युटर करतो ना?” असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. पहिल्या वर्षी ही गंमत मी फोनवर बाबांना सांगितली. ते हसले. मग म्हणाले, “कागदच दे. पोराईचा हात बसला पाहिजे.”

पहिल्या सुट्टीत घरी आले तेव्हा बाबा बाजारात आईचा हात धरून चालताना दिसले. आयुष्यात त्यांना असं चालताना पाहिलं नव्हतं. मी हसून विचारलं, तर म्हणाले, “तुया आईचे गुडघे दुखून राहिले. तिले धरा लागते.” आई भाजीवालीशी भाव करायला लागली. घरात तर ते नेहमीसारखेच वावरत होते. स्वतः चहा मांडत होते, न चाचपडता कपाटातून साखरेचा डबा काढत होते. मला शंका आली नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मनीषाताईंचा फोन आला. त्या बाबांच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, त्यांचा वर्ग बाबांच्या वर्गाला लागूनच. इकडचं तिकडचं बोलून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “अवं, तुले घरच्याईनं काहीच सांगतलं नाही का? सरांनी शाळा सोडली.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी शाळेच्या जिन्यात उभी राहून ऐकलं. बाबांना काचबिंदू झाला होता. अकोल्याच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हाच बरीच नजर गेलेली होती. या आजारात आधी बाजूचं हळूहळू मिटत येतं, मग समोरचंही धूसर होत जातं. गेलेलं परत येत नाही. उरलेलं टिकावं म्हणून डोळ्यांत थेंब घालायचे, एवढंच हाती असतं. मी मस्कतला निघाले, त्याच्या आधीच ते डॉक्टरांकडे जाऊन आले होते.

वर्गात ते डावा पंजा फळ्यावर पसरून ठेवायचे आणि त्याच्या अंदाजानं उजव्या हातानं महाराष्ट्र काढायचे. किनारा बरोबर यायचा. पूर्वेकडे सरकलं की रेघ भरकटायची. गडचिरोली फळ्याच्या लाकडी चौकटीवर जायची. शेवटी रेघा मिळायच्या नाहीत. “जमला?” ते विचारत. “जमला सर,” सगळा वर्ग म्हणे. तास संपला की दोन मुली उठून तो नकाशा पुसत आणि पुस्तकात बघून नवा काढून ठेवत, मुख्याध्यापकांना दिसू नये म्हणून. कुणी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं. आलेख तपासताना बाबा आता वाकत नसत. “वाच तुझा आलेख,” म्हणत आणि मुलं वाचून दाखवत.

सहामाही परीक्षेत आलेखाचा प्रश्न होता. बाबांनी सगळ्यांना पूर्ण गुण दिले. पेपर वाटल्यावर एक मुलगी रडत त्यांच्या टेबलापाशी आली. “सर, मी आलेख काढलाच नव्हता. कागद कोराच जोडला होता. तुमी पूर्ण मार्क दिले.” बाबांनी तो कागद हातात घेतला, खिडकीकडे धरला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसेच मुख्याध्यापकांकडे गेले. निवृत्तीला काही वर्षं बाकी होती. शाळेनं कार्यालयातलं काम देऊ केलं होतं. ते नको म्हणाले.

मी त्याच दिवशी फोन केला. रागात होते. “बाबा, मला काहून सांगितलं नाही?”

“सांगतलं असतं तर गेली असती का तू?”

“नसते गेले.”

“मंग,” ते म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.

तुमच्यापैकी जे असे दूर गेले त्यांना हे माहीत असेल. घरचे आपल्याला फोनवर जे सांगतात, त्यातलं किती गाळलेलं असतं ते फार उशिरा कळतं. आणि जे मागे राहिलात, त्यांना विचारावंसं वाटतं, की आम्हाला मोकळं सोडण्यासाठी एवढं का लपवता? विचारते, पण उत्तर मला ठाऊक आहे. उद्या माझं मूल असं निघालं, तर मीही तेच करीन.

पुढच्या वर्षी मी दोघांना मस्कतला आणलं. फ्लॅट चांगला, शेजार मराठी, डॉक्टर जवळ. बाबा मात्र सोफ्यावर बसले ते बसलेच. बार्शीटाकळीच्या घरात त्यांना डोळ्यांची गरज नव्हती, इथे बाथरूमला जायचं तरी हाक मारावी लागे. फ्लॅटबाहेरच्या कॉरिडॉरमधली सगळी दारं हाताला सारखीच लागायची. एकदा चुकून शेजारच्यांचं दार ढकलायला गेले, आत मुलं घाबरून ओरडली. त्या दिवसानंतर ते एकटे उठेनासे झाले. मी शाळेतून आले की विचारत, “आज काय शिकवलं?” मी सांगे. पर्जन्यछायेचा प्रदेश सांगितला, तर तेवढ्यापुरता आवाज मोठा व्हायचा, हात हवेत फिरायचे. मग पुन्हा एसीचा आवाज ऐकत बसत. व्हिसा संपायच्या आधीच म्हणाले, “मले घरी नेऊन घाल. इथी मले काहीच वाचता येत नाही.”

मी नेऊन घातलं. दोन वर्षं बरी गेली. मग आई एका सकाळी अंगणात पडली, अकोल्याला नेईपर्यंत राहिली नाही. तेराव्यानंतर घरात बाबा आणि आम्ही भावंडं बसलो होतो. मोठा भाऊ अमरावतीला राजापेठेत राहतो. बाबांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. “मी इथी नीट राहतो,” असं ते एकदाच म्हणाले. दादानं मान खाली घातली. मला परत जायचंच होतं, तिकीट काढलेलं होतं. बाबांना दादाकडे न्यायचं ठरलं. घराला कुलूप लावताना बाबांनी भिंतीवरून हात फिरवत फिरवत आधी फाटक गाठलं, मग आमची वाट बघत उभे राहिले.

या मे महिन्यात मी राजापेठेला गेले होते. दादाचं घर दुसऱ्या मजल्यावर, खाली ट्यूशन क्लास, दिवसभर गाड्यांचे हॉर्न. बाबा खाली उतरत नाहीत. संध्याकाळी ऊन कलल्यावर मी त्यांना गच्चीवर नेलं. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. कठड्याला हात लागल्यावर त्यांनी विचारलं, “आपन कोन्या बाजूले तोंड करून उभे आहो?”

“पश्चिमेला,” मी म्हटलं.

त्यांनी कठड्यावर बोटानं एक रेघ ओढली. “म्हंजे बार्शीटाकळी समोरच. अन् तुयं मस्कतबी तिकडंच.”

“हो बाबा.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “एकाच बाजूले पाह्यलं तरी चालते.”

समोर फक्त गच्च्या आणि पाण्याच्या टाक्या होत्या. मी त्यांना तसं सांगितलं नाही.

मस्कतला नवी मुलं वर्गात आली की मला विचारतात, मॅम, तुमचं घर कुठे? मी बोर्डवर भारत उघडते, अकोला दाखवते, त्याच्याखाली बार्शीटाकळी. तिथे आता आमचं कुणी राहत नाही. तरी माझं बोट दुसरीकडे कुठे जात नाही.