शेजारच्या आजोबांची कॉइल

मला पुसायची खोड आहे. आइंडहोवनमध्ये चिपच्या मशिनींच्या क्लीनरूममध्ये अकरा वर्षं काढली की ती लागतेच. घरीही मी चष्मा, मोबाइल, एकदा तर सासूबाईंनी दिलेला पितळी गणपतीसुद्धा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. बायको म्हणते, एक दिवस मलाही पुसशील.

शेजारी एक डच आजोबा एकटेच राहायचे. नव्वदीला टेकलेले, फुप्फुसं संपत आलेली. पोरवयात त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर इलेक्ट्रिक गिटार बनवली होती. तेव्हा त्यांच्या गावात ती कुणी पाहिलीही नव्हती म्हणे. तारांचं कंपन पकडायला जुन्या टेलिफोनातलं चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, आईच्या शिलाई मशीनवर गुंडाळलेले; हीच ती कॉइल. पुढे एका दुकानदाराने तीच रचना उचलली आणि नाव त्याचं झालं. आजोबांनी गिटार माळ्यावर टाकली आणि जन्मभर रेडिओ दुरुस्त केले. हे सांगताना ते चिडत नसत. चिडायचं काम मीच करायचो.

मार्चमध्ये हाउसआर्ट्स, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टर बाई, घरी येऊन तपासून गेल्या आणि शेवटच्या दिवसांसाठी हॉस्पिसचं ठरलं. शनिवारी त्यांची मुलगी न्यायला येणार होती. गिटार माळ्यावर गेल्यानंतर ती जन्मली, त्यामुळे तिने आवाज कधी ऐकलाच नव्हता. बाप बढाया मारतो, हे तिने लहानपणीच ठरवून टाकलं होतं. जाण्याआधी गिटार तिच्यासमोर एकदा वाजावी, एवढंच आजोबांना हवं होतं. आतली एक वायर सुटलीये, माझे हात थरथरतात, तेवढी जोडून देशील का, असं त्यांनी मला विचारलं.

गुरुवारी संध्याकाळी मी वायरला डाग दिला. पाच मिनिटांचं काम. आजोबांनी सोबत दिलेल्या रेडिओला जोडून तार छेडली तर गिटार वाजली, थोडी घोगरी, सर्दी झालेल्या माणसासारखी. शहाणा माणूस इथे थांबला असता. मला कॉइलवर तपकिरी, खडबडीत थर दिसला. एवढ्या वर्षांची घाण.

बायको म्हणाली, "अरे, वायर जोडायला सांगितलीये ना? जोडलीस. आता नेऊन दे."

मी तिला धुळीचा एक कण काय अनर्थ करतो यावर व्याख्यान दिलं आणि कापूस बुडवला.

ती घाण नव्हती, लाख होती. वेढे हलू नयेत म्हणून आजोबांनी स्वतः लावलेली. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते हे मला शाळेपासून ठाऊक आहे. वेढे सैल पडले, कापसात अडकले, तार तुटली. कितीदा तुटली ते बघायचा धीर झाला नाही. तयार कॉइल आणून बसवता आली असती आणि मुलगी फसलीही असती, पण आजोबांनी ते एका सुरात ओळखलं असतं.

शनिवारी मी मुकी गिटार घेऊन गेलो आणि माझ्या मोडक्या डचमध्ये सगळं सांगितलं. मुलगी बॅगेची चेन लावत होती. आजोबांनी कॉइलवरून बोट फिरवलं.

"वाजली होती?" त्यांनी विचारलं.

"वाजली होती. घोगरी. सर्दी झाल्यासारखी."

"बरोबर," ते म्हणाले. "तशीच वाजायची." आणि त्यांनी मुलीकडे पाहिलं.

मी तिला पुन्हा सांगितलं, मी स्वतःच्या कानांनी ऐकली. तिने माझ्या दंडावर हात ठेवला.

"तुम्ही फार चांगले शेजारी आहात," ती म्हणाली. बापाला बरं वाटावं म्हणून मी बोलतोय, अशी तिची खात्री झाली होती.

आजोबांनी गिटार भिंतीला टेकवली आणि कोट मागितला.