जिन्याचं कुलूप

गोडदेवच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मला भांडकुदळ म्हणतात. तोंडावर ‘ताई’, पाठ वळली की भांडकुदळ. मला त्याचं वाईट वाटत नाही. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, आमच्या विंगला जिना एकच. आणि तिसऱ्या मजल्यावर माझी आई, जिला खुब्याच्या ऑपरेशननंतर वॉकरशिवाय बाथरूमपर्यंतही जाता येत नाही. अशा बाईच्या मुलीने गोड बोलत बसावं असं ज्यांना वाटतं, त्यांना माझा लांबूनच नमस्कार.

भांडणाची सुरुवात मी घरातूनच केली. मी मीरा रोडला एका लॅबच्या काउंटरवर बसते, दिवसभर आई एकटी. म्हणून चहा झाला की गॅसचा रेग्युलेटर बंद. गॅसची नळी वेळेवर बदलायची, ‘अजून चांगली आहे’ हे वाक्य आमच्या घरात चालत नाही. डासांची कॉइल हद्दपार. गिझर आणि इस्त्री एका बोर्डावर नाहीत, मोबाइल उशीखाली चार्जिंगला नाही. खिडकीबाहेर काढलेल्या ग्रिलमध्ये सगळ्यांच्या घरी कुंड्या, बादल्या आणि नको झालेली भांडी असतात. मी आमच्या ग्रिलला माणूस बाहेर निघेल एवढं दार करून घेतलं, आणि त्याला कुलूप नाही, आतून नुसती कडी. ग्रिलवाला म्हणाला, “मॅडम, चोर आएगा.” मी म्हटलं, “आने दो, चाय पिलाऊंगी.”

आई वैतागायची. ती रत्नागिरीकडची, आणि वाईट गोष्टीचं नाव घेतलं की ती घडते अशी तिची पक्की समजूत. तिचा दिवा कधी विझत नाही, ‘शांत’ होतो. बांगडी फुटत नाही, ‘वाढते’. मी ‘आग’ म्हटलं की ती हाताने हवा झटकायची.

“शुभ बोल गो बाय! तिन्हीसांजेचं काय काढतेस तोंडातून?”

मी भर दुपारी बोलले तरी तिच्या लेखी तिन्हीसांजच असायची.

आमच्या विंगमध्ये बहुतेक सगळी रत्नागिरी-रायगडची माणसं. गणपती जवळ आले की विंग रिकामी होते. आम्हीही जायचो, पण ऑपरेशननंतर आईला बसचा प्रवास झेपत नाही, तेव्हापासून गावचा गणपती भाऊ बघतो आणि आम्ही दोघी इथेच राहतो. त्या वर्षी निघण्याआधी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. बाजूच्या गल्लीत बंद घर फोडलं होतं, त्यामुळे सगळे घाबरलेले. ठरलं असं, की जिन्याच्या तोंडाशी जाळीचं सरकतं दार आहे, त्याला कुलूप लावायचं. एक चावी सेक्रेटरीकडे, ते राजापूरला जाणार. एक माझ्याकडे.

मी उठून विचारलं, “मी कामावर गेले की चावी माझ्या पर्समध्ये मीरा रोडला. आई वर. आग लागली तर बाहेरचा माणूस वर येणार कसा?”

सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी सभेत शिवी दिली. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींनी कानाला हात लावला. “काय हो ताई, सणाच्या तोंडावर असलं अभद्र!”

सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाले, “ताई, चोरी झाली तर जबाबदार कोण?”

“आणि आई गेली तर?”

“तुम्ही ना, नेहमी टोकाचंच बोलता,” ते म्हणाले, आणि कुलपाच्या बाजूने कोण ते हात वर करायला सांगितलं. सगळ्यांचे हात वर झाले. चोर हा शब्द त्या सभेत निदान दहा वेळा निघाला होता, तो कोणालाच अभद्र वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि लोखंड कापायची ब्लेड मागितली. शेठने विचारलं, “बेन, पाइप काटना है?”

“नहीं, ताला.”

त्याने ब्लेड हातातच धरून ठेवली. “अपनाच है ना?”

“जीना तो अपना ही है,” मी म्हटलं.

निघायच्या दिवशी वहिनी आमच्याशी न बोलता निघाल्या. एरवी त्या किल्ली आमच्याकडे ठेवायच्या. घर अंधारात नको म्हणून देवांपुढची समई तेलाने काठोकाठ भरून, तेवती ठेवून दार बंद करायचं ही त्यांच्या घरची रीत. मागे एकदा किल्ली हाती असताना मी त्या निघाल्यावर समई शांत करून आले होते, ते त्यांना कळलं होतं. मीटिंगमधल्या भांडणाची त्यात भर पडली, आणि या वेळी किल्ली पर्समध्ये टाकून त्या खाली उतरल्या. सगळ्यांत शेवटी सेक्रेटरी गेले. जाताना कुलूप ओढून बघितलं, वर बघून मला हात केला. त्यांची रिक्षा वळली आणि मी ब्लेड घेऊन खाली जाऊन बसले. चावी होती माझ्याकडे, पण उघडलेलं कुलूप कोणीही पुन्हा दाबून लावतं, कापलेलं लागत नाही. कुलूप चांगल्यापैकी होतं, तळहाताला फोड आले. कापून झाल्यावर ते मी त्यांच्याच लेटरबॉक्समध्ये टाकलं आणि पिशवी घेऊन बाजारात गेले. आईने मोदकाची पिठी सांगितली होती.

परतताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी माणसं वर बघत उभी दिसली. तिसऱ्या मजल्यावर, आमच्या बाजूला, धूर. मी पिशवी टाकून धावले. पुढच्या क्षणी मला आईचा आवाज ऐकू आला. ती आमच्या ग्रिलशी वॉकर टेकून उभी होती आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडत होती.

“आग! आग लागली! धावा गो कोणीतरी! आग!”

मी आयुष्यात तिच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता. जाळीचं दार सताड उघडं होतं. पलीकडच्या विंगमधले दोघे-तिघे माझ्या पुढेच वर धावत होते, मी मागून. धूर समोरच्या दाराच्या फटीतून येत होता. “आंटी, हटो,” म्हणत एकाने मला आमच्या घरात ढकललं आणि त्यांनी लाथांनी वहिनींचं दार उघडलं. मी चादर भिजवून आमच्या दाराखाली कोंबली, आईला ग्रिलच्या दारापाशी बसवलं आणि तिला घट्ट धरून ठेवलं. पलीकडे बादल्यांचा आवाज चालू होता. आई खोकत होती, मधूनच पुन्हा तोच शब्द ओरडत होती. मला हसू येत होतं आणि रडूही आवरत नव्हतं.

लाकडी देव्हारा गेला, वरचं प्लास्टिकच्या फुलांचं तोरण गेलं, पडदा गेला, ओट्यावरचं एक कपाट काळं झालं. तेवढ्यावर निभावलं. समईची वात उंदराने ओढली असणार; तेलात भिजलेली वात उंदीर पेटती ओढून नेतो हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी समई भरून घर बंद करतातच.

गणपतींनंतर वहिनी आल्या. जळलेल्या देव्हाऱ्यापुढे बसून खूप रडल्या. मला खरंच वाईट वाटलं, मी त्यांना पाणी आणून दिलं. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, “ताई, राग मानू नका. पण त्या दिवशी मीटिंगमध्ये तुम्ही ते बोललात ना, तेव्हाच माझ्या मनात चर्रर्र झालं होतं. बोलायला नको होतं तुम्ही.”

म्हणजे समई त्यांची, उंदीर कोणाचाच नाही, आणि आग माझ्या जिभेची! मी म्हटलं, “वहिनी, माझ्या बोलण्याने गोष्टी घडत असत्या, तर या बिल्डिंगला एव्हाना लिफ्ट लागली असती.” त्या उठून गेल्या. माझा जीव संतापाने जळत होता. त्यांच्यापाठोपाठ सेक्रेटरींचा निरोप आला, की सोसायटीचं कुलूप तोडल्याबद्दल रविवारी मीटिंग आहे आणि जाळीला आता आणखी भक्कम कुलूप येणार आहे.

आई पलंगावरून सगळं ऐकत होती. म्हणाली, “मला मिटिंगला यायचंय.”

“अगं, तुला कसं नेणार?”

“ते त्यांना विचार. बोलावणं त्यांचं आहे.”

रविवारी मी खाली जाऊन सांगितलं, आईलाही बोलायचं आहे, तिला आणायला माणसं द्या. नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही. पार्किंगमधली प्लास्टिकची खुर्ची वर आली. आई नवं पातळ नेसून तयारच होती. चौघांनी खुर्ची उचलली, पुढच्या पायांना सेक्रेटरी स्वतः. मी मागे.

तिसऱ्या मजल्यावर चपलांचे दोन स्टँड होते, ते पायाने सारले. वळणावर कोणाची तरी सायकल होती, ती आईच्या गुडघ्याला लागली. दुसऱ्या मजल्यावर, सेक्रेटरींच्या दारासमोर, त्यांचं जुनं लोखंडी कपाट आणि त्यावर गेल्या वर्षीचं थर्माकोलचं मखर. खुर्ची तिथे अडकली. तिरकी केली, उभी केली, मागे घेतली, जाईना. सेक्रेटरी भिंत आणि कपाट यांच्यामध्ये चेपले गेले होते. हातात आईचं वजन, कपाळावर घाम. खाली पार्किंगमध्ये सगळे माना वर करून थांबले होते.

आईने खुर्चीचे हात घट्ट धरले होते. ती घाबरलेली होती हे मला दिसत होतं, पण आवाज स्थिर होता.

“सेक्रेटरी,” ती म्हणाली, “आता समजा आग लागली आहे. मला इथे ठेवून तुम्ही पळताय, की थांबताय?”

सेक्रेटरींनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा खाली. मग घसा खाकरून म्हणाले, “आधी हे कपाट बाजूला घेऊ या.”

“कपाट घेऊ नंतर,” मी म्हटलं. “आधी तिला उत्तर द्या.”