दसऱ्यानंतरची झाडलोट

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला सांगायला हवी होती, ती आता राहिली नाही. मुलांना सांगायचं धाडस झालं नाही. देवापुढेही कधी बोललो नाही. देवाला सगळं ठाऊक असतं म्हणतात, आणि वकिलाला ही श्रद्धा फार सोयीची — जे ठाऊकच आहे त्याची साक्ष कशाला द्या?

तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे. ओळखणारे मला सज्जन म्हणतात. मध्यंतरी त्यांनी माझ्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि स्वच्छतेचं महत्त्व या विषयावर बोलायला लावलं. मी बोललो. चांगलं बोललो, टाळ्या पडल्या. घरी येऊन शाल खुंटीला लावली आणि माझ्या अंगाची आग आग झाली. ती अजून शमलेली नाही. हा राग कुणावर आहे ते कळेलच — कळू नये असं वाटतंय, पण कळेल.

निजामाच्या राज्याची ती अखेरची वर्षं. मी परंड्याला वकिली करत होतो. कचेरीची भाषा उर्दू, आणि साहेबासमोर उभं राहायचं तर शेरवानी, डोक्यावर दस्तार आणि कमरेला बगलस नावाचा पट्टा, असा सगळा थाट. मी त्या थाटाला हसत असे. ‘राज्य डोक्यावर ठेवलंय, निसटू नये म्हणून कमरेला बांधलंय,’ असं म्हणायचो — अर्थात दार लावून. पुण्याहून पुस्तकं मागवायचो, वाचायचो, आणि गावात माझ्याइतका शहाणा कुणी नाही हे मनाशी पक्कं धरून झोपायचो. चारचौघांत हसण्याची हिंमत नव्हती. त्या भित्रेपणाला तेव्हा मी सभ्यपणा म्हणायचो.

त्या वर्षी दसरा झाला आणि बातमी आली, की अव्वल तालुकदार — म्हणजे आजचा कलेक्टर — दौऱ्यावर येणार. सरकारी वकिलाची जागा रिकामी होती. तहसीलदार माझ्यावर खूष होता. साहेबांचा चहा तुमच्या घरी ठेवू, म्हणाला. आणि मी काय केलं? मी सोलापूरहून नवी दस्तार मागवली. आरशापुढे ती डोक्यावर चढवून उभा राहिलो, तेव्हा मला अजिबात हसू आलं नाही.

त्याच आठवड्यात बळदाच्या खोलीत उंदीर पडला.

बळद म्हणजे भिंतीतच बांधलेलं धान्याचं कोठार. आमच्या स्वयंपाकघरामागं अंधारी खोली होती, तिच्यात ते होतं. आणि ‘उंदीर पडला’ म्हणजे काय, हे त्या काळात रांगतं पोरसुद्धा जाणत होतं. मांजरानं मारलेला उंदीर वेगळा. हा बिळातून आपण होऊन बाहेर येतो, दारू प्यायल्यासारखा झुलतो आणि उघड्यावर मरतो. मग माणसांची पाळी. काखेत किंवा जांघेत गाठ, ताप, आणि तिरडी. म्हणून उंदीर पडला की चावडीवर कळवायचं, सगळ्या गल्लीनं घरं सोडायची आणि माळावर झोपड्या घालून राहायचं. एवढा साधा नियम. तो पाळायला वाचनाची गरज नव्हती.

मी मात्र वाचलं होतं. उंदीर गार पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा ऊब शोधत निघतात, आणि जे जवळ येईल त्याच्या अंगावर चढतात — हे मी छापील पुस्तकात वाचलं होतं. तुम्ही म्हणाल, घाबरला असाल, गोंधळला असाल. नाही हो. मी शांत डोक्यानं विचार केला, आणि तेच तर आहे.

चावडीवर कळवलं तर गल्ली उठेल. गल्ली उठली तर साहेब येणार नाही. साहेब आला नाही तर जागा गेली.

मी तो उंदीर चिमट्यानं उचलला, परसात नेला, घासलेट ओतून जाळला. दुसऱ्या दिवशी आणखी पडले. भिंतीत कुठेतरी मेलेही असावेत, कारण वास यायला लागला होता. बायकोला म्हटलं, पौर्णिमा आली आहे, मुलांना घेऊन तुळजापूरला माहेरी जा, देवीचं दर्शनही होईल. तिला किती आनंद झाला! ती मला देवभोळा करण्याच्या खटपटीत वर्षानुवर्षं होती. तिला वाटलं, फळ आलं. पौर्णिमेला तुळजापुरात किती गर्दी असते, आणि माझ्या घरातली पीडा तिच्या लुगड्यातून त्या गर्दीत गेली असती तर? हा विचार मला नंतर सुचला. तेव्हा सुचला नाही. तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की माझी माणसं त्या घरातून निघाली.

आता घरात वास होता, आणि साहेब यायचा होता. कुणीतरी आत शिरून ती खोली धुवायला हवी होती.

गावाबाहेर किल्ल्याच्या अंगाला चुनाभट्टीची वस्ती होती. तिथली माणसं चुना भाजायची, आणि कुणाच्या घरी लग्नकार्य असलं की येऊन सगळं घर झाडून, धुऊन, चुना देऊन जायची. त्या कामात गंगव्वाचा हात धरणारं कुणी नव्हतं. पन्नाशीची बाई, कानडीमिश्रित मराठी बोलायची आणि कुणाचीही थट्टा करायची. तिला निरोप धाडला. ती सुनेला, पारूला, घेऊन आली, अंगणात चुन्याचं घमेलं टेकवलं आणि कमरेवर हात ठेवून घराकडं बघत राहिली.

‘‘दसऱ्याचं सारवण अजून धड वाळलं न्हाय, अन् पुन्यांदा झाडलोट?’’ ती म्हणाली. ‘‘देवीपरीस सायेब मोठा झाला का काय, वकीलसायेब?’’

मी हसलो. मला तिचा राग आला होता, कारण ती जे बोलली ते मीच एरवी बोललो असतो. सांगितलं, मागच्या खोलीपासून सुरुवात कर. स्वतः अंगणात खुर्ची टाकून बसलो, मांडीवर पुस्तक उघडून. घरात पाऊल टाकलं नाही. अंगणातून ओरडून सूचना देत होतो — कोपरे घास, बळदाच्या तोंडात हात घालून झाड, फटी बुजव. खोकल्याचे आवाज येत होते, खराट्याचे येत होते, मधेच दोघींचं हसणं.

मग गंगव्वा बाहेर आली. पदरानं नाक-तोंड बांधलेलं, केसांवर धूळ. हातात शेपटीनं धरलेला उंदीर.

‘‘वकीलसायेब, ह्यो बघा. मांजराचा दात लागल्याला दिसत न्हाय.’’ तिचा आवाज थट्टेचा राहिला नव्हता. ‘‘पडल्याला हाय का काय?’’

इथे मी थांबतो. दर वेळी इथेच थांबतो. मनात ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल, आणि इथे आल्यावर काहीतरी काम आठवतं — दिवा लावायचा असतो, औषध घ्यायचं असतं. आज काही आठवत नाही.

ती दारात उभी होती. अजून परत जाता आलं असतं. मी ‘टाक तो, अंघोळ कर, घरी जा’ म्हणालो असतो तर कदाचित उशीर झालेला असता, कदाचित नसता. ते मला माहीत नाही. माहीत नसण्याचा फायदा मी कितीतरी वर्षं घेतला. तो आज मी घेणार नाही.

‘‘विष घातलंय मी,’’ मी म्हणालो. ‘‘सोमल. परवाच घातला.’’

तिनं खांदे सैल सोडले. ‘‘मग आदी सांगायचं की! म्या उगं भ्याले.’’ आणि आत वळून मोठ्यानं म्हणाली, ‘‘पारू, भ्यायाचं काम न्हाय गं. सायेबांनी औषध घातलंय.’’

माझ्या शब्दाची तिनं हमी दिली. दोघी पुन्हा आत गेल्या. मी पुस्तकाचं पान उलटलं. हो — पान उलटलं. वाचलं काहीच नव्हतं, पण वाचणाऱ्या माणसानं पान उलटायचं असतं.

घर चकाचक झालं. भिंती निळसर पांढऱ्या, फरशा धुतलेल्या, वासाच्या जागी ओल्या चुन्याचा गंध. साहेब आला. मोटार दाराशी थांबली, तहसीलदार पळत गेला, मी दस्तार सावरत मागून. साहेबाला पुढे उशीर झाला होता. त्यानं मोटारीतूनच हात पुढे करून विडा घेतला, माझ्या घराच्या दारावर एक नजर टाकली, ‘‘बहुत खूब’’ म्हणाला आणि गेला. उंबऱ्याच्या आतसुद्धा आला नाही. तहसीलच्या खानसाम्यानं केलेला चहा शिपायांनी प्यायला.

सरकारी वकिलाची जागा मला मिळाली. फार दिवस टिकली नाही, कारण पुढे राज्यच टिकलं नाही.

गंगव्वाला ताप चढला तो त्याच आठवड्यात. जांघेत गाठ आली. माझ्या कानावर आलं तेव्हा ती गेलेली होती. मग आमच्या गल्लीत घरोघर उंदीर पडू लागले आणि सगळे माळावर निघालो. मीही निघालो, माझी झोपडी चांगली प्रशस्त होती. आणि तिथं माळावर, लिंबाखाली, गल्लीची बैठक बसली.

माझा शेजारी शंकरअप्पा, धान्याचा मोठा व्यापारी. त्यानं हिशेब मांडला, आणि हिशेबात तो कधी चुकत नसे. ‘‘आदी ती बाई गल्लीत आली. मंग ती मेली. मंग उंदीर पडाया लागले. पीडा भट्टीवरनं आली, दुसरं काय?’’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मी शिकलेला, मी सरकारी वकील, आणि बाई आली होती माझ्याच घरी.

आधी उंदीर पडला आणि मग बाई आली — हा क्रम जगात फक्त मला ठाऊक होता. बाकी सगळ्यांचा क्रम उलटा होता. तो सरळ करायला एक वाक्य पुरलं असतं.

‘‘तसंच दिसतं,’’ मी म्हणालो.

काय सुंदर वाक्य आहे! त्यात खोटं एक अक्षर नाही. तसंच दिसत होतं. असली वाक्यं बनवायला वकिलीत वर्षं घालवावी लागतात. त्या वाक्यावर भट्टीच्या वस्तीला गावबंदी झाली. विहिरीवर पाणी नाही, दुकानात मीठ नाही, कुणाच्या घरी काम नाही. मारुतीच्या देवळात भजन मात्र चालू होतं.

एका सकाळी पारू माझ्या झोपडीपाशी आली. लांब, बांधाच्या पलीकडेच उभी राहिली, कारण पुढं यायची तिला बंदी होती. तिचा आवाज माझ्यापर्यंत नीट पोचत नव्हता, म्हणून तिला ओरडून बोलावं लागत होतं, आणि ओरडताना तिला लाज वाटत होती.

‘‘सायेब, येकच इचारायचंय. आमच्या वस्तीतली मानसं मलाच बोलत्यात — म्हंत्यात, तुझ्या झोपडीतनंच आलं. तुमी खरं सांगा. त्यो उंदीर इषानं मेल्याला व्हता ना?’’

तिला माझ्यावर आरोप करायचा नव्हता, बघा. तिच्या मनात शंका होती, आणि ती शंका ती माझ्याकडेच घेऊन आली होती, मोडून टाकायला किंवा खरी करायला. मी ‘नाही’ म्हणालो असतो तर तिला वस्तीत जाऊन सांगता आलं असतं, की आमच्या घरातून काही आलं नाही, आम्ही कुणाला मारलं नाही. कदाचित गावानं तिचं ऐकलं नसतं. तिच्या माणसांनी ऐकलं असतं.

शंकरअप्पा शेजारच्या झोपडीच्या दारात दात घासत उभा होता. ऐकत होता.

‘‘हो,’’ मी म्हणालो. ‘‘विषानंच.’’

तिनं मान हलवली. पदर डोक्यावर ओढून माझ्याकडं बघून हात जोडले आणि गेली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला — सासूनं ठेवला तसाच, पुरा. त्याच दुपारी तिनं आपल्या हातानं आपली झोपडी पेटवली, आत गोधड्या, भांडी, सासूचं लुगडं, सगळं ठेवून. सगळ्यांवर पीडा आणणारं घर म्हणून. मग वस्तीतल्या इतरांनीही आपापली पेटवली, आणि ती माणसं बार्शीच्या वाटेनं निघून गेली. कुठं गेली, कुणी जगलं की नाही, मी चौकशी केली नाही. करता आली असती.

आम्ही माळावरून धूर बघत होतो. शंकरअप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘‘बरं झालं, वकीलसाहेब. घाण गेली.’’

मी म्हणालो, ‘‘हो.’’