गटचर्चेतली दोन मिनिटं

आमच्या इंदिरानगरच्या घरात हॉलभर आई-बाबांच्या चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. सातवीत असताना त्यातलं एक मी चौकात उभं राहून मोठ्यानं वाचलं होतं. लोकांसमोर बोलायची भीती मला कधी ठाऊकच नव्हती. हा मी माझा गुण समजत होते.

शेवटच्या वर्षी कॉलेजात एक कंपनी आली. गटचर्चेला आम्ही आठ जणी, घेणार दोघींना. शेजारी माझी बाकावरची मैत्रीण होती, सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेत शिकलेली. नोकरी लागली नाही तर दिवाळीनंतर तिला घरच्यांबरोबर द्राक्षबागेत कामाला जावं लागणार होतं.

विषय होता नेतृत्व, गुण देणार होत्या कंपनीच्या मॅडम. सगळ्या एकमेकींना तोडत बोलत होत्या. ती हात वर करून बसली होती. तिच्या शाळेत सरांनी नाव घेतल्याशिवाय तोंड उघडायचं नसे, आणि नाव घेतलं की उभं राहायचं. दहा मिनिटं झाली तरी हात वरच.

"मॅडम, हिला बोलायचंय," मी म्हणाले.

ती उठून उभी राहिली.

"अगं, बसून बोल. शाळा आहे का ही?" मॅडम म्हणाल्या. कुणीतरी हसलं. ती बसली, पण पहिलंच वाक्य अर्ध्यात अडकलं.

दोनच मिनिटं उरली होती. मला राहवलं नाही. मी सुरू झाले: कुणाला बोलायला शिकवलं जातं, कुणाला गप्प राहायला, आणि मग गुण कशाला देता. त्यातलं प्रत्येक वाक्य मला आजही पटतं. मॅडम मान डोलावत होत्या. वेळ संपला.

यादीत मी होते. ती नव्हती.

जिन्यात मी तिला म्हणाले, "मी ही नोकरी घेणार नाही."

"नको घेऊ. त्यानं मला मिळंल का?" तिचा आवाज कोरडा होता. "स्वयंपाकी पळाला तवा आठ दिवस मी अख्ख्या शाळेचं जेवण चालवलं, पोरींना कामं वाटून. ते सांगणार होते मी. तू माझ्यावरच भाषण केलंस बाई, माझ्याच वेळात."

ती दोन पायऱ्या उतरली आणि वळली.

"परवा दुसरी कंपनी हाय. मधे घुसायचं कसं ते शिकव. तुला लय येतं ते."

रिकाम्या वर्गात आम्ही समोरासमोर बसलो. मी न थांबता बोलत राहिले, तिनं मला मधेच तोडायचं होतं. दोनदा तिचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. तिसऱ्यांदा मी मुद्द्याच्या ऐन मध्यावर असताना ती म्हणाली, "थांब. हे चूक सांगतेस तू."

मला खरोखर राग आला.